विमलताईंचे सात ठिपके

विमलताई थोरात कधी हसत नसत, असं आमच्या ऑफिसातले जुने लोक अजून सांगतात. ते खोटं आहे. त्या हसत, पण मोजून. दिवसाला एकदा, साधारण चारच्या चहाला, आणि तेही दुसऱ्या कुणी चूक केली असेल तर. ती चूक बहुतेक माझी असे.

ग्वाल्हेरला एका सरकारी खात्याच्या नकाशा शाखेत त्या ट्रेसर होत्या. जुन्या नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईने वर उतरवायची, हे त्यांचं काम. मी त्याच खोलीत आवक-जावक सांभाळणारा बाबू. माझं टेबल दाराशी, त्यांचं खिडकीशी, आणि मधे अख्ख्या मध्य प्रदेशाचे जिल्हे लोखंडी कपाटांत. वीस वर्षं मी त्यांच्या पाठीकडे बघत काढली. पाठ ताठ होती. कमरेत वाकून काम करणाऱ्या बाईची पाठ इतकी ताठ कशी राहते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सकाळी शिंदे की छावनीतून त्या लूनावर येत. आल्या आल्या तपकिरीच्या जुन्या डबीतून टोचण्या काढून मोजत. टोचणी म्हणजे लाकडी मूठ लावलेली सुई. वरच्या नकाशावरचा बिंदू नेमका खालच्या कागदावर न्यायचा तर तिने आरपार भोक पाडतात. अशा अकरा टोचण्या. संध्याकाळी पुन्हा मोजायच्या. एकदा दहाच भरल्या, तर विमलताईंनी खोलीचं दार लावून घेतलं. साहेब नेमके आत होते. "टोचणी सापडल्याशिवाय कोणी नाही जाणार," त्या म्हणाल्या. साहेब रागावले, मग घड्याळ बघू लागले, मग खुर्चीवर बसले. बसताना पाय वर झाला आणि त्यांच्याच बुटाच्या रबरी तळव्यात टोचणी दिसली. विमलताईंनी ती उपटली, फडक्याने पुसली, डबीत ठेवली आणि दार उघडलं. साहेबांना सॉरी म्हणाल्या नाहीत. त्या दिवशीचं हसू तेवढ्यासाठी खर्च झालं असावं.

त्यांचं एकच ब्रीद होतं: मोजलं नाही ते काढायचं नाही. एका तालुक्याच्या दोन नकाशांमधे बोटभर जागा सुटली होती. अलीकडे नाला, पलीकडे नाला, मधे काही नाही. साहेब म्हणाले, "जोड़ दीजिए मैडम, नाला उडी थोडीच मारतो!" विमलताईंनी जागा कोरी ठेवली आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'येथे मोजणी झालेली नाही.' तो नकाशा तसाच छापला गेला. नाला आजही उडी मारतो.

आमची जुगलबंदी जुनी होती. त्यांचे पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर आले, माझे पोथी-पंचांग घेऊन आले आणि दौलतगंजात स्थिरावले. "तुमचे लोक आमच्या मागे मागे आले, आपटे," त्या म्हणत, "लढाईला कधी निघायचं ते सांगायला. निघत मात्र आम्हीच होतो." मी काही पुटपुटलोच तर, "तुम्ही फार बोलून राहिलात, चहा पिऊन घ्या," असा निकाल लागे.

मग राज्याचे दोन तुकडे झाले. छत्तीसगढ वेगळं निघालं आणि आमच्या खोलीत वाटणी सुरू झाली. कुठला नकाशा भोपाळकडे, कुठला रायपूरकडे, कुठला माणूस इकडे, कुठला तिकडे. याद्या करायला म्हणून एक संगणक आला. तो आठ दिवस प्लास्टिकच्या झाकणाखाली होता, कारण बिघडला तर भरून कोण देणार! शेवटी साहेबांनी तो विमलताईंच्या गळ्यात मारला. पन्नाशी उलटलेल्या बाई, टाईपरायटरलाही कधी हात लावलेला नाही. पंधरा दिवसांत त्या यंत्र शिकल्या. की-बोर्डवर एकेक बोट असं टेकवत की जणू शाई सांडेल.

आणि जेवणाच्या सुट्टीत एक वेगळंच सुरू झालं. डबा संपवून हात धुऊन आल्या की त्या पर्समधून एक सीडी काढत. पुण्याच्या भाच्याने पाठवलेलं ते तारांगण होतं. पडदा काळा होई, चांदण्या उगवत. गाव ग्वाल्हेर घाला, तारीख घाला, वेळ घाला, की त्या वेळचं आकाश समोर. आमचा चपराशी रामसेवक सगळ्या मजल्यावर सांगत फिरला, "मैडम दिन में तारे देखती हैं।" नोकरीत दिवसा तारे आम्हीही पाहिले होते, पण ते साहेबांनी दाखवलेले.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"बाबांची चांदणी," त्या म्हणाल्या आणि बाजूची वही माझ्याकडे सरकवली. पिवळी पडलेली, चौकटींच्या कागदाची वही. एका पानावर चार ठळक तारे आणि त्यांच्या मधे सात ठिपके, पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरत गेलेले. प्रत्येकाशी तिथी. फाल्गुन वद्य तीन, पाच, सहा, अशी चौदापर्यंत.

ही गोष्ट छावनीत सगळ्यांना ठाऊक होती, मलाच तोवर नव्हती. विमलताईंचे वडील गणपतराव हे संस्थानी फौजेत हवालदार होते. काम टेहळणीचं, म्हणून दुर्बीण त्यांच्याकडे. संस्थान विलीन होण्याच्या धामधुमीत पलटणीला काम उरलं नव्हतं. तेव्हा संध्याकाळी ते छतावरून पुष्य नक्षत्राकडे दुर्बीण लावून बसत. तिथे त्यांना एक बारीक चांदणी दिसली, आणि ती रोज थोडी सरकत होती. ग्रह म्हणावा तर पंचांगात त्या जागी ग्रह नाही. त्यांनी सुभेदाराला दाखवली. सुभेदाराला तिथे पन्नास चांदण्या दिसल्या आणि सगळ्या जागच्या जागी.

पुढे कोण नव्या फौजेत जाणार नि कोण घरी, हे ठरवायला तपासणीचं बोर्ड बसलं. सुभेदाराने गमतीत तिथे सांगून टाकलं की आमच्या हवालदाराला चालता ठिपका दिसतो. डॉक्टरने विचारलं, "ठिपका दिसतो? हलतो?" गणपतराव खरं बोलणारे. म्हणाले, "होय साहेब, दिसतो आणि हलतो." डॉक्टरने लिहिलं: डोळ्यांपुढे ठिपके फिरतात, नजर सदोष. गणपतराव घरी आले ते कायमचे. पुढची सगळी वर्षं त्यांनी एका गिरणीच्या दारावर पहारा केला. छावनीत त्यांना चांदणीवाले हवालदार म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत.

हे झालं जुनं. विमलताईंना घाई होती ती वेगळ्या कारणाने. गणपतराव आता ऐंशीचे होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ताटातलं वरण कुठे, भात कुठे, हे मुलीने सांगावं लागे. ऑपरेशनचं नाव काढलं की एकच उत्तर, "माझ्या डोळ्यांना काही झालं नाही. चुकलं ते बोर्ड." डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे बोर्डाचं म्हणणं कबूल करणं. साधा चष्मासुद्धा त्यांनी जन्मात लावला नाही. डॉक्टरने विमलताईंना सांगितलं होतं, वर्षभरात झालं तर झालं, मग मी हात लावणार नाही. आणि संगणक मार्चअखेर नकाशांच्या पेट्यांबरोबर रायपूरला जायचा होता.

मी कामाला लागलो. म्हणजे त्या लागल्या, मी शेजारी स्टूल घेऊन बसलो.

त्या सीडीत ग्रह होते, लघुग्रह नव्हते. ते आपण भरायचे. मंगळ आणि गुरूच्या मधे हे दगड फिरतात, आणि एकेका दगडाची वाट सहा आकड्यांत मावते: किती लांबून फिरतो, वाट किती लांबट आहे, किती कललेली आहे, वगैरे. पाटणकर बाजारातल्या इंटरनेटच्या दुकानात विमलताई शनिवारी ताठ बसून आकडे शोधत. आजचे आकडे पन्नास वर्षं मागे नेले तर फरक पडतो, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. म्हणून पुण्याच्या एका हौशी मंडळाला त्यांनी पत्र टाकलं. तिथल्या एका भल्या गृहस्थाने त्या काळाजवळचे आकडे पाठवले, मोठ्या चार लघुग्रहांचे. फाइलमधे प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली. एक मोकळी जागा जास्त पडली तर दगड थेट क्षितिजाखाली जाई. तीन दिवस आमचा एक दगड न्यूझीलंडवर होता. विमलताई न चिडता पट्टी पडद्यावर धरून रकाने मोजत.

तिथ्यांच्या तारखा करणं हे काम मात्र मी छाती पुढे काढून मागून घेतलं. आमच्या काकांच्या ट्रंकेत जुनी पंचांगं जपलेली होती. त्या वर्षीचं काढलं, फाल्गुन वद्याचं पान उघडलं, बोट फिरवत सात तारखा उतरवल्या. "बघा, लढाईला कधी निघायचं ते शेवटी आम्हीच सांगितलं," असं म्हणूनही घेतलं.

चारांपैकी तीन लघुग्रह त्या दिवसांत भलतीकडेच होते. चौथा, व्हेस्टा नावाचा, बरोबर पुष्यापाशी निघाला. मी स्टुलावरून उठलो. रामसेवक चहा घेऊन आला होता, त्यालाही मी पडदा दाखवला. विमलताईंनी मात्र सातही तारखांच्या जागा एकाखाली एक टिपल्या आणि वही शेजारी ठेवली.

बाबांची चांदणी रोज पश्चिमेला सरकत होती. संगणकाची जागच्या जागी घोटाळून हळूच पूर्वेला वळत होती.

"अहो, जागा तर तीच आहे ना?" मी म्हटलं. "बोटभर इकडेतिकडे होणारच. पन्नास वर्षांची गोष्ट. जाऊन सांगून टाका बाबांना, ऑपरेशन होऊन जाईल."

"नाही जुळत, आपटे."

"त्यांना कुठे दिसणार आहे?"

हे बोललो आणि जीभ चावली. विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं, टोचण्या मोजल्या, डबी बंद केली आणि त्या दिवशी चहा घेतला नाही. पुढचे तीन आठवडे त्यांनी प्रत्येक आकडा पुन्हा तपासला. पुण्याला दोनदा पत्र गेलं. आकडे बरोबर होते. एकदा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "समजा बाबांचंच चुकलं असेल तर?" वीस वर्षांत त्यांच्या तोंडून 'समजा' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला फार वाईट वाटलं.

संगणक बांधायला चार दिवस उरले होते. विमलताई वहीतली शेवटची नोंद पुन्हा वाचत होत्या. "फाल्गुन वद्य चौदा. उपास. चांदणी आणखी खाली."

"कसला उपास?" मी विचारलं. "फाल्गुन वद्य चतुर्दशीला काहीच नसतं."

"सोमवार असेल."

"नाही, माझ्या यादीत त्या दिवशी सोमवार नाही."

रामसेवक कप ठेवत होता. तो म्हणाला, "फागुन बदी चौदस? अरे साहब, शिवरात्रि है, और क्या।"

"शिवरात्र माघात असते," मी त्याला दटावलं.

"आपके यहाँ माघ में होती होगी। हमारे यहाँ तो फागुन में होती है। दिन तो एक ही है।"

आमचा दख्खनी महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. म्हणून शुद्ध पक्षात दोघांचं जमतं आणि वद्यात इथले लोक महिन्याचं नाव आमच्या आधी बदलून मोकळे होतात. त्यांचा फाल्गुन वद्य तो आमचा माघ वद्य. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे जन्मापासून ठाऊक असतं. घरात एक महिना, गल्लीत दुसरा, सण दोन्हीकडचे. पण हवालदार थोरातांसारखा मराठा गडी आपल्या वहीत गल्लीतला महिना लिहील, हे ना त्यांच्या मुलीच्या मनात आलं, ना माझ्या. आणि मी तर पंचांगवाला! अख्खा एक महिना पुढच्या तारखा मी तोऱ्यात काढून दिल्या होत्या.

विमलताईंनी माघ वद्याच्या तारखा घातल्या. पडद्यावर व्हेस्टा पूर्वेकडून निघाली आणि पश्चिमेला उतरत गेली, सात दिवस, सात ठिपके. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हसल्या. चार वाजायला वेळ होता.

रविवारी दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं. साक्षीदार म्हणून, असं म्हणाल्या. गणपतराव खाटेवर बसले होते, पांढरा सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. विमलताईंनी संगणकाचं आकाश वहीच्या मापात ट्रेसिंगवर उतरवून आणलं होतं. ते त्यांनी वहीच्या पानावर ठेवलं, चार तारे चार ताऱ्यांवर नेमके बसवले, आणि बाबांसाठी टोचणीने प्रत्येक ठिपक्यावर भोक पाडलं. मग त्यांचं बोट धरून पानावर ठेवलं. ठिपक्यांच्या जागी बाबांनी पूर्वी टाक इतका दाबलेला होता की खळगे होते. भोक खळग्यात पडलं की नाही, हे बोटाला कळत होतं.

"एक," विमलताई म्हणाल्या. "दोन. तीन. चार. पाच. सहावा नाही जुळत, बाबा. दोन सुतं बाहेर आहे. सातवा जुळतो."

सहाव्याचं सांगायची काय गरज होती, असं माझ्या मनात आलं. म्हाताऱ्याचं बोट सहाव्यावर थांबलं.

"त्या दिवशी दुर्बीण सुभेदाराने नेली होती," गणपतराव म्हणाले. "मी अंदाजाने काढला तो." मग म्हणाले, "म्हणून तुला लहानपणापासून सांगून राहिलो, मोजल्याशिवाय काढू नको."

मी पाणी मागितलं. गणपतरावांनी मात्र पान मिटलं आणि सरळ विचारलं, "बोर्डाला कळवलंस का?"

"बाबा, आता डॉक्टरकडे..."

"आधी बोर्डाला कळव. लेखी उत्तर येऊ दे."

बोर्ड पन्नास वर्षांपूर्वी उठलं होतं. पलटण नव्हती, संस्थान नव्हतं, त्यानंतर झालेलं राज्यसुद्धा दोनदा नव्याने आखून झालं होतं. मी विमलताईंना ऑफिसात हळूच सुचवलं, आवकचा शिक्का माझ्याच टेबलावर आहे, एक उत्तर मीच टाईप करतो. त्या म्हणाल्या, "आपटे, तुम्ही चहा पिऊन घ्या." आणि फौजेच्या जुन्या कागदपत्रांचं दप्तर कुठे असतं ते शोधून, ट्रेसिंगची प्रत जोडून, त्यांनी पोचपावतीसह रजिस्टर्ड अर्ज पाठवला. पत्ता आमच्या ऑफिसचा दिला, कारण घर राहील की नाही याचा भरवसा नव्हता. खरंच नव्हता. पुढच्याच यादीत त्यांचं नाव छत्तीसगढात निघालं. अपील करा म्हणून सगळे मागे लागले. "संगणक तिकडे गेलाय, तो चालवणार कोण?" एवढंच त्या म्हणाल्या. पावसाळा गेला, उत्तर नाही. डॉक्टरने दिलेल्या वर्षातले दोनच महिने उरले.

त्या निघाल्या त्याच सकाळच्या डाकेत ते पाकीट आलं. मी आवकात चढवलंही नाही, तसाच रिक्षात बसून स्टेशन गाठलं. गाडी लागलेली होती. खिडकीशी गणपतराव, गुंड्या गळ्यापर्यंत, शेजारी विमलताई, मांडीवर नकाशाची गोल नळी. मी पाकीट खिडकीतून आत दिलं. विमलताईंनी डोक्यातली पिन काढून ते सरळ रेषेत फाडलं.

पत्र माझ्या बाजूला वळलेलं होतं, मला वाचता आलं. चार ओळी. सदर बोर्ड विसर्जित झाले आहे. उक्त हवालदाराच्या नेत्रदोषासंबंधी कोणतीही नोंद या दप्तरात उपलब्ध नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

"काय म्हणतात?" गणपतरावांनी विचारलं.

विमलताईंनी पत्र पुन्हा वाचलं. बाई आता खोटं बोलणार, आणि बोलावं, असं मला मनापासून वाटलं. गार्डाची शिट्टी झाली.

"ते लिहितात, बोर्ड आता नाही," त्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "आणि तुमच्या डोळ्यांत दोष असल्याची त्यांच्याकडे कोणतीही नोंद नाही."

"लेखी आहे?"

"लेखी आहे. शिक्का आहे."

गणपतरावांनी हात पुढे केला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि पत्र परत दिलं. गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो. "विमल," ते म्हणत होते, "रायपूरला डोळ्यांचा डॉक्टर बरा असेल का, बघ."

"बघते," विमलताई म्हणाल्या. पत्राची गुंडाळी करून त्यांनी ती नळीत सरकवली आणि झाकण दोनदा दाबून पाहिलं.